तिसरी तार उतरलीय

ठाणाकुशनूरच्या एका लग्नात वऱ्हाडानं तुरीवरच्या अळीला अक्षता वाहिल्या होत्या, ही गोष्ट हुलसुरात अजून सांगतात. झालं असं, की गुरुशांतप्पा मास्तर मांडवात आडवी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. गिटारीचा आवाज मोठा करायला शेजारी रेडिओवाल्या ज्ञानोबानं स्वतःच्या हातानं बनवलेला सागवानी डबा. ऐन मंगलाष्टकाच्या वेळी त्या डब्यानं कुठून तरी रेडिओ पकडला आणि भर मांडवात डबा कन्नडात बोलू लागला. शेंगेत अळी दिसली की लगेच फवारा, उशीर करू नका! उदगीरकडच्या पाहुण्यांना कन्नड येत नव्हतं. त्यांना वाटलं, नवरदेवाकडचे स्वामी आशीर्वाद देतायत. त्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. दोन्ही भाषा जाणणारी हुलसूरची मंडळी मात्र हसून हसून मांडवाच्या खांबाला टेकली.

ज्ञानोबा तेवढा हसला नाही. घरी येऊन त्यानं तीन दिवस डबा खोलून ठेवला, आतल्या तारेला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, आणि त्यानंतर त्या डब्यातून मास्तरांच्या गिटारीशिवाय दुसरं काही कधी ऐकू आलं नाही. असा माणूस.

रेडिओची विद्या तो बिदरला एका उस्तादाकडं शिकला. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक हात जेब में रख रे ज्ञानोबा, नै तो सीधा ऊपर जाता तू." दोन्ही हात यंत्रात घातले तर वीज एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हाताकडं जाते, म्हणून ही सवय. पण ज्ञानोबाला ती अशी जडली की डावा हात कायमचा खिशातच राहिला. पानाला चुना एका हातानं, सायकल एका हातानं. देवळात गेला तरी एकच हात कपाळाला. त्याची बायको कमलबाई चिडायची, "देवालाबी अर्धाच नमस्कार? देव तुमास्नी अर्धंच दिईल बघा!" "अर्धं दिलं तरी लई झालं की," असं म्हणून हा आत जायचा.

मास्तरांची आणि त्याची दोस्ती तशी विचित्रच. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर गिटार वाजवायचे. डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवर सरकवत, उजव्या हातानं छेडत. वाजवून झालं की डावी भुवई वर करून विचारायचे, "कसं?" ज्ञानोबा म्हणायचा, "तिसरी तार उतरलीय, मास्तर." दर वेळी हेच. एकदा मास्तरांनी हट्टानं तास न् तास तारा लावल्या, अगदी केसाएवढी कसर ठेवली नाही. वाजवलं. भुवई वर गेली. ज्ञानोबा म्हणाला, "तिसरी." मास्तरांच्या मंडळी ईरम्मा आतून ओरडल्या, "अहो, त्याला एकदा तरी 'बरं वाजलं' म्हणायला काय झालं?" मास्तर हसले. "ज्याला उतरलेली कळती ना, त्यालाच लागलेली कळती. आज ना उद्या म्हणंल." चाळीस वर्षं झाली. ज्ञानोबा काही म्हणाला नाही.

ईरम्मा गेल्या. पाठोपाठ कमलबाईही गेली. रेडिओ तर त्याआधीच गेले होते. ज्ञानोबाच्या दुकानात आता त्याचा मुलगा धनराज मोबाइलची कव्हरं विकतो. ज्ञानोबा मागच्या खोलीत एका जुन्या टेबलाशी बसून असतो. चारदा हाक मारल्याशिवाय मान वर करत नाही. धनराज म्हणतो, "बाबा, कानाचं मशीन घेऊ." ज्ञानोबा म्हणतो, "मशिनी दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, आन् मलाच मशीन? तुमी लोकं तोंडातल्या तोंडात बोलायलाव, त्याला मी काय करू?"

मागच्या दिवाळीनंतर मास्तरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची मुलगी भुवनेश्वरी सोलापूरला शाळेत शिकवते. ती त्यांना कायमचं न्यायला आली. शुक्रवारची गाडी ठरली, घराला कुलूप लागायचं होतं. सामान बांधताना मास्तर डाव्या हातानं सारखं कपाटावर दाखवत होते. औषध पाहिजे का? न्हाई. फोटो? न्हाई. शेवटी तिनं धुळीतला डबा खाली काढला तेव्हा त्यांचा हात मांडीवर टेकला. वायर लावून बघितली तर डबा मुका. मग बुधवारी सकाळी तो रिक्षात घालून ती ज्ञानोबाकडं आली आणि त्याच्या कानाशी वाकून, वर्गात बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली, "काका, परवा आम्ही निघालाव. त्याच्या आधी एकदा अप्पाला वाजवायचंय. बोलता तर येईना त्येंला. हे एवढंच ऱ्हायलंय."

"उजवा हात गेलाय न्हवं? वाजवणार कसं?"

"कांडी डाव्या हातात असती की. छेडायला मी बसते."

ज्ञानोबानं डावा हात खिशात आणखी आत सारला आणि डबा उघडला.

आत चार काचेचे व्हॉल्व होते. आमच्याकडं त्यांना वाल म्हणतात. दिसायला बल्बसारखे, पण तापल्याशिवाय काम करत नाहीत. दोन मोठ्यांपैकी एकाच्या डोक्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला होता. म्हणजे काचेला तडा जाऊन आत हवा शिरली होती. "ह्यो मेला," ज्ञानोबा म्हणाला.

"मग एकच बदलायचा न्हाई का?"

"म्हाताऱ्या बैलासंग नवा खोंड जुपत असतेत का, माय? दोघं सारख्या ताकदीचे लागतेत."

फळीवरचा पत्र्याचा डबा त्यानं काढला. आत तुरीच्या भुसकटात, कमलबाईच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक नवी जोडी होती. हैदराबादहून केव्हाच आणलेली, मास्तरांच्या डब्यासाठी म्हणूनच राखून ठेवलेली. जुने वाल हळूच हलवत उपटले, नवे बसवले, बटण दाबलं. आवाज त्यानं मुंगीएवढाच ठेवला होता. दुरुस्तीच्या वेळी तो नेहमी तेवढाच ठेवायचा. काचेच्या आत हळूहळू लाल ऊब धरली. मग त्यानं पेन्सिल घेऊन छोट्या वालावर टकटक केलं. डबा चांगला असला की ह्या टकटकीला आतून ठण्ण असं उत्तर येतं.

उत्तर आलं नाही.

त्यानं छोटा वाल बदलला, आवाजही वाढवला. टकटक. काही नाही. पुन्हा जुना लावला, मग तिसरा एक शोधून लावला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "भुवना, आतलं तारेचं वेटोळं जळलंय. त्याला आता औषध न्हाई. डबा गेला. मास्तरला सांग, ज्ञानोबाच्यानं झालं न्हाई."

भुवनेश्वरी गोंधळली. "काका, असं कामून म्हणायलाव? ते कधीचं वाजायलंय की."

"काय?"

"वाजायलंय! तुमी टकटक केलं की ठण्ण करायलंय. मला वाटलं, तुमी चांगल्यातला चांगला निवडायलाव."

ज्ञानोबानं धनराजकडं बघितलं. धनराज दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. "व्हय बाबा. पुढं दुकानातबी ऐकू यायलंय."

ज्ञानोबानं पेन्सिल उचलली, आणखी एकदा वालावर टेकवली, आणि टकटक न करताच खाली ठेवली. मग डब्याचे स्क्रू एका हातानं एकेक करून बसवले. "मास्तरला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. "चाळीस वर्सं त्यो माझ्या कानाच्या भरवशावर वाजवायलाय."

गुरुवारी दुपारी तो मास्तरांच्या घरी गेला. भिंती रिकाम्या, दोरीनं बांधलेल्या गाद्या. मास्तर खुर्चीत, मांडीवर गिटार, उजव्या अंगाला भुवनेश्वरी स्टुलावर. ज्ञानोबा समोर बसला. त्यानं बटण दाबलं आणि वाल तापू दिले. मग कांडी तारेवर सरकली.

ज्ञानोबाला लांब कुठं पिठाची गिरणी चालावी तेवढं ऐकू आलं. सूर नाही, नुसती घरघर. पण तो मान डोलवत राहिला. कांडी पुढं गेली की त्याची मान पुढं, कांडी मागं आली की मागं. भुवनेश्वरीचे डोळे भरून आलेले त्यानं बघितले, त्यावरून ओळखलं की चांगलं चाललंय. कांडी थांबली. मास्तरांची डावी भुवई वर गेली.

कसं?

'बरं वाजलं' हे शब्द ज्ञानोबाच्या ओठांवर आले होते. पण ऐकल्याशिवाय ते म्हणायचं म्हणजे खोटंच. त्यानं घसा खाकरला. "तिसरी तार उतरलीय, मास्तर."

मास्तरांचं अर्धं तोंड हसलं. भुवनेश्वरी मात्र पटकन बोलून गेली, "तिसरी? काका, तिसरी तार तर लावलीच न्हाई. कालच तुटली, इथं कुठं मिळाली न्हाई..." आणि मग तिनं जीभ चावली.

ज्ञानोबाला शब्द नीट कळले नाहीत, पण मास्तरांचं हसू कुठं थांबलं ते दिसलं. त्यानं गिटारीकडं वाकून बघितलं. सहाच्या जागी पाचच तारा. तो जमिनीकडं बघू लागला.

मास्तरांनी पोलादी कांडी बाजूला ठेवली. ती ठेवली म्हणजे गाणं संपलंच, कारण तेवढाच एक हात चालता होता. त्या हातानं त्यांनी ज्ञानोबाचा उजवा हात ओढला, डब्याच्या पुढच्या जाळीदार कापडावर नेऊन पालथा दाबून धरला, आणि लेकीला मानेनं खूण केली. तिनं सगळ्यात जाड तार छेडली.

कापड थरथरलं. ज्ञानोबाच्या तळव्यातून ती थरथर मनगटाकडं चढली आणि हळूहळू विरली. मास्तरांनी पुन्हा मान हलवली. पुन्हा तार. तिसऱ्या वेळी ज्ञानोबाचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि उजव्याच्या शेजारी जाऊन टेकला. कमलबाई असती तर तिनं देवाला साखर ठेवली असती.

भुवई वर गेली.

"बरं वाजलं, मास्तर," ज्ञानोबा म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसासारखं, फार मोठ्यानं. बाहेर गाडीवाला उद्या न्यायचं सामान मोजत होता, त्यानंसुद्धा वळून बघितलं.