कापसाचा बोळा

काकाजी आले की आधी खिशातून कापसाचा बोळा काढायचे. नमस्कार, चहा सगळं नंतर. ग्लायडरच्या प्रत्येक तारेवरून तो बोळा फिरवायचे. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. "कापसाले इचारा सर, तो लपवत नाई," म्हणायचे.

पातूरला ते ताडपत्र्या शिवत. अकोल्यातल्या आम्हा चार मास्तर-वकिलांना उडण्याची हौस आली आणि आम्ही जुना हँग ग्लायडर घेतला. नळ्या-तारांवर ताणलेला कापडी पंख, खाली माणूस लटकलेला. कापड फाटलं म्हणून काकाजींकडे गेलो आणि हळूहळू ग्लायडर त्यांचाच झाला. घडी घालताना नळ्यांच्या टोकांना धोतराच्या चिंध्या गुंडाळायच्या, उंदरांपासून उंच टांगायचा, हे सगळे त्यांचे कायदे. "उन्हात काहून ठेवला? कापड जयते ना!" असं आम्हाला झापायचे. स्वतः उडायला मात्र तयार नसत. "मीच शिवला ना, म्हनून भेव वाटते."

बाजूच्या दोन तारांवर प्लास्टिकचं आवरण होतं. "इथं कापसाले दिसत नाई. इथं तुमालेच इचारा लागते. ओला तं नाई बांधला?"

त्या वर्षी उडण्याच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी अवकाळी पावसाची सर आली. मला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मी ग्लायडर ओलाच गुंडाळून पिशवीत कोंबला. उद्या उघडून वाळवू म्हटलं, आणि पिशवी दिवाळीपर्यंत तशीच राहिली. दिवाळीनंतर तारा तपासताना काकाजींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "खडखडीत वाळवला होता." त्यांची बोलणी खायची नव्हती, एवढंच कारण.

त्याच दिवशी आमचा वकील मित्र टेकडीवरून धावला, जेमतेम उचलला गेला आणि बाजूची तार तुटली. झुडपांत पडला म्हणून वाचला, पण हात दोन ठिकाणी मोडला. त्याला दवाखान्यात पोचवून परतलो तर काकाजी तारेवरचं प्लास्टिक सोलत बसले होते. आत लाल गंज होता. सगळ्यांसमोर त्यांनी पुन्हा विचारलं, "सर, ओला तं नोता ना बांधला?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्याकडे जरा वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "मंग माई नजर गेली. चूक माईच हाय."

परतताना गाडीत बाकीचे दोघे म्हणाले, या वयात त्यांना असलं काम द्यायलाच नको होतं. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला खोटं बोलण्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

काकाजी पुन्हा आले नाहीत. दोन वर्षं आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटी मी पातूरला गेलो. दारात सून होती. मामंजी उन्हाळ्यातच गेले, म्हणाली.

"डोळ्यांचा त्रास होता ना त्यांना?" मी विचारलं.

"डोये? डोये तं चांगले होते. शेवटपर्यंत सुईत दोरा सोताच ओवत." मग तिने विचारलं, "काई काम होतं का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."