मस्कतहून अडीच तास

‘मस्कत ते मुंबई पंधराशे किलोमीटर, पण विमानाला अडीचच तास लागतात,’ असं रामकिसननं पहिल्या पत्रात लिहिलं, आणि थोरल्या भावाला, तात्यारावाला, खिजवायला एक निमित्त मिळालं. येता-जाता तो रामकिसनच्या बायकोला, सत्यभामाला, ऐकवायचा, "साहेब उडाले गं तुझे!"

तात्याराव माकणीच्या सोसायटीचा चेअरमन. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तो मुकादम होता. त्याच्या हाताखाली राबायला रामकिसननं चार माणसांत नकार दिला, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. रामकिसन गवंडीकाम शिकून आखातात गेला. सत्यभामा मात्र त्याच घरात, थोरल्या दिराचे टोमणे गिळत राहिली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सासऱ्यानं, ज्ञानोबानं, अंथरूण धरलं. "रामकिसनला बोलवा," हा एकच घोष.

"मस्कत काय लोहाऱ्याचा बाजार हाय व्हय?" म्हणून तात्यारावानं हात झटकले.

सत्यभामा दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन लोहाऱ्याला चालत गेली आणि स्वतः तार करून आली. उलट तार आली : मंगळवारचं विमान, बुधवारी दुपारी गावात.

बुधवारी सकाळीच म्हातारा गेला. तासाभरात तात्यारावानं तिरडी बांधायला घेतली. सत्यभामा उंबऱ्यात आडवी बसली.

"चारच्या गाडीनं येत्याल ते. तवर उचलायचं न्हाय, भाऊजी."

बारा वर्षांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच तोंड वर करून बोलत होती.

"ऊन बघ जरा. मढं कुजवतीस का?"

"जित्तेपणी त्यांचं ऐकलं न्हाय तुमी. आता तरी ऐका."

जाऊ कमलबाईनं दंडाला धरून तिला ओढलं. झंपराची बाही टर्रकन फाटली, पण सत्यभामानं चौकट सोडली नाही. जमलेल्या बाया बघत राहिल्या. तिला सोडवायला एकही पुढं झाली नाही.

चारची एसटी आली. रामकिसन त्यात नव्हता.

"कुठं हाय तुझं अडीच तासांचं इमान?" तात्याराव सगळ्यांदेखत ओरडला.

सत्यभामा उठली आणि बाजूला झाली. तिरडी नदीकडं गेली.

सूर्य बुडता-बुडता रामकिसन धरणाच्या कामावरच्या ट्रकमधून उतरला. विमान वेळेवर आलं होतं. सोलापूरच्या पुढं एसटीच्या स्प्रिंगचे पाटे तुटले आणि तीन तास तिथंच गेले. रिकामी बाज पाहून त्यानं बॅग खाली टाकली.

"कवा नेलं?"

"दोन तास झाले. जमलं तेवढं म्या थोपवलं."

तेवढ्यात माणसं नदीवरून परतली. रामकिसन अंगणातच भावाला सामोरा गेला.

"दादा, आबा आजारी पडल्याबरोबर तार का न्हाय केलीस?"

"करायची गरज वाटली न्हाय."

रामकिसननं त्याची गचांडी धरली. चौघांनी मिळून त्यांना सोडवलं, तरी दोघं एकमेकांच्या अंगावर धावतच होते.

तेरावं होताच रामकिसननं लोहाऱ्यात एक खोली घेतली, सत्यभामाला तिथं ठेवलं आणि तो परत मस्कतला गेला. वर्षभरानं तात्याराव जमिनीच्या वाटणीच्या कागदावर तिचा अंगठा मागायला खोलीच्या दारात आला. सत्यभामा शिलाई मशीनवर होती. तिनं त्याला बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"ते येत्याल तवा बघू," ती म्हणाली आणि पाय पुन्हा मशीनवर चालू केले.

तात्याराव कागद तसाच घेऊन निघून गेला.