अक्का आणि कडुलिंबाचं पाणी

अक्का न्हाणीत शिरली की बाकीच्यांनी खुशाल जेवणं उरकून घ्यावीत. आधी कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी, मग वासाचा साबण, तेवढ्यानं समाधान झालं नाही तर तुरटी. अख्ख्या चोपड्यात तिच्याइतकी स्वच्छ बाई नव्हती आणि स्वतःला तिच्याइतकं घाणेरडं समजणारीही नव्हती. ही माझी सख्खी मावशी. तिला सारखं पांढरं जायचं, खाज सुटायची. गोळीनं थांबायचं, पुन्हा यायचं. हे अंगाच्या घाणीनं होतं, असं तिच्या सासूनं तिला लग्नानंतर लगेच पढवलं होतं.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला जमत. त्यासाठी ज्वारी आंबवून केलेल्या पिठाला अक्का हात लावत नसे. "मन्हा हात लागना ते पीठ नासी जाई," म्हणायची. खाटेवर वाळणारे बिबडे उलटायला तेवढी यायची. तिला कोणी मना केलं नव्हतं, हा नियम तिचा तिनंच घातला होता. मला तिचा भारी राग यायचा. "आंबलेल्या पिठाचं आणखी काय नासणार, अक्का?" असं विचारलं की ती नुसती हसायची.

तिची मुलगी सुनंदा वयात आली आणि तिलाही तेच सुरू झालं. अक्कानं तिलाही तेच पाणी दिलं, तीच बोलणी ऐकवली. सुनंदा लग्न होऊन पाचोऱ्याला गेली. तिथे सासू घाणेरडी म्हणायची, नवऱ्यानं अंथरूण वेगळं केलं.

मग मलाही तेच सुरू झालं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, ती ठीक निघाली. "घरात आणखी कुणाला?" त्यांनी विचारलं. पुढच्या खेपेला मी अक्कालाच घेऊन गेले. बाई तिला म्हणाल्या, "यात घाण कसली नाही, ही बुरशी आहे. काही घराण्यांतल्या बायकांच्या अंगात या बुरशीला अडवायची ताकदच कमी असते. आईकडून मुलीकडे येतं. औषधानं दबेल, कायमचं जाईलच असं नाही. आणि ते साबण-तुरटी बंद करा, त्यानं उलट वाढतं."

अक्का रिक्षात रडली. "पोरले मी उगाच घान म्हनं," एवढंच बोलली.

लगेच ती केळ्यांची फणी घेऊन पाचोऱ्याला गेली, सुनंदाच्या सासूला समजवायला. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. विहीणबाईंनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे रगतमाच शे? मंग लगीनना येळले काबर नही सांगं?"

महिन्याभरात सुनंदा बॅग घेऊन चोपड्याला आली, ती कायमची. माझ्यासमोरच आईला म्हणाली, "माय, घान म्हनीसन का व्हईना, घरमा ठेवं व्हतं."

अक्का त्यानंतर कुणाला काही समजवायला गेली नाही. तिची न्हाणी मात्र सुटली नाही. मी रागावले की म्हणायची, "घान धोता येस. रगत कसं धोवू?" गेल्या वर्षी ती गेली. सुनंदा आता त्या घरात एकटी असते.

माझ्या सासरी अजून कुणालाच ठाऊक नाही. औषधाची पाकिटं मी माहेरी ठेवते. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. परवा ती न्हाणीतून बराच वेळ बाहेर आली नाही, आणि मी दार वाजवलं नाही.