सुनंदाचं एक नळी रक्त

परदेशात जेनेटिक्स शिकून परळच्या ओपीडीत रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं, माझ्याकडे रिपोर्ट साठतील. साठले किस्से. त्यातले निम्मे एकट्या गावडे कुटुंबाचे.

सुरेश गावडे लालबागचा, डायलिसिसवर. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी. गाठी वाढल्या की पोट फुगतं, आणि हा आजार घराण्यातून येतो. धाकटी बहीण सुनंदा किडनी द्यायला तयार होती. रक्तगट जुळला, सोनोग्राफी साफ आली. पण तरुण वयात गाठी दिसतातच असं नाही, तेवढ्यावर विसंबता येत नाही. सुरेशच्या जीनमध्ये दोष सापडला होता; तोच तिच्यातही असण्याची शक्यता मुळात निम्मी. म्हणून जीनची तपासणी.

*

वंशावळ काढायला मी त्यांच्या आईला बसवलं. सासरे कशाने गेले? संपात. थोरले दीर? संपात. आणि नवरा?

"तो संप मिटलो खंय? त्यातच."

मी पेन खाली ठेवलं. ब्याऐंशीच्या संपात गिरण्या बंद पडून माणसं खचली हे खरं, पण तिघंही पन्नाशीच्या आसपास, पोट फुगून? नवऱ्याचं पोट सुटलं तेव्हा चाळीने ठरवून टाकलं होतं, हा पितो.

"थेंबाक शिवलो नाय गो बाय तो," आई म्हणाली.

*

सुरेशच्या बायकोला मी फोनवर सांगितलं, तपासणीला रक्त लागेल. सकाळी ओपीडीबाहेर गणेश मंडळाची अख्खी गँग, बाह्या वर सरकवून! रक्तदान शिबिरात पहिला नंबर लावणारी पोरं. मी समजावलं, फक्त सुनंदाचं हवंय, तेही एक नळी.

"एवढंच? आलोच आहोत तर घेऊन ठेवा ना, मॅडम."

*

मग एकदा सुरेश एकटाच आला. रिपोर्ट कसाही येऊ दे, तिला सांगा जमत नाही. तिची पोर लहान आहे. मी तावातावाने बोलले. खोटं सांगणार नाही, खरं कळणं हा तिचा हक्क आहे, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, लेक्चर छान देता तुम्ही. पण ती माझी बहीण आहे."

*

रिपोर्ट आला. सुनंदात दोष नव्हता. आधी तिला एकटीला सांगितलं. तिनेच दादाला आणि आईला आत बोलावलं. बाकीच्या तपासण्या नीट आल्या की ती किडनी देऊ शकेल, असं मी म्हटलं. सुरेश खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणजे हिच्यात काय नाय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मगे तिका तशीच ऱ्हवांदे. एक तरी."

सुनंदाने हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, आईच्या मांडीवर ठेवल्या आणि मला विचारलं, ॲडमिट कधी व्हायचं?

आई बांगड्यांकडे बघत बसली. मग लेकीचा हात ओढून घेऊन एकेक बांगडी परत चढवायला लागली. शेवटची चढवताना म्हणाली, "ऑपरेशनाच्या दिवशी काढ."