धोंड्याला लावलेला हात

माझ्या सायकलला सीट नाही. लोह्याच्या बाजारातून ती घेऊन निघाले की कुणी ना कुणी हटकतंच, "ताई, सीट चोरीला गेली का?" आधी मी समजावून सांगायची, की या सायकलवर बसायचं नसतंच. उभं राहून एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर सायकलसकट उड्या मारत जायचं. पाय टेकला की दंड, आणि हात टेकला तर तो टप्पा तिथंच खलास. आता मी नुसतं "हाव, गेली चोरीला" म्हणते आणि पुढे सरकते.

हा खेळ मी नांदेडला कॉलेजात शिकले, पण सराव घरचाच. लोह्याहून कंधारकडे जाताना माळाच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. खाली काळी माती, वर बसल्या बैलाएवढे धोंडे. वडील गेल्यापासून शेत मायच बघते. खुरपं हातात घ्यायच्या आधी ती वाकून मातीला हात लावते आणि तो कपाळाला नेते, पदर सावरावा तितक्या सहज. मला धोंड्यावर चढताना तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ज्या भुईवर उड्या मारून राहिलीस, तिच्या पाया पड अगुदर."

मी पाया पडायला लागले, पण माझ्या आळशी पद्धतीनं. सायकलवरून उतरायचा कंटाळा. पुढचं चाक पहिल्या धोंड्याला भिडवायचं, तोल धरायचा आणि उभ्या उभ्याच एका हातानं वाकून धोंड्याला शिवायचं. मायला ते भारी आवडायचं. "सर्कसवाली हाय माझी," असं ती शेजारणींना सांगायची.

आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये कुणी कधी अडवलं नाही. माझं चाक टप्प्याच्या सुरुवातीच्या रेषेच्या आत गेलेलं असायचं, म्हणजे खेळ सुरू झालेला असायचा, तरी धोंड्याला हात लावला की पंच दुसरीकडे बघायचे. एक जण तर म्हणाले होते, "झालं का पाया पडून? चल, लाव जोर." पाया पडण्याला कोण दंड लावणार? माझ्या सरांनासुद्धा त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या संघात माझी निवड झाली. तिथं पात्रता फेरीत लाकडी ओंडक्यांचे टप्पे पार पडले आणि धोंड्यांचा शेवटचा टप्पा उरला होता. तो नीट गेला असता तर मी अंतिम फेरीत होते. मी चाक रेषेच्या आत नेलं, तोल धरला आणि हात आपोआप खाली गेला. समोरच्या पंचानं बंद मूठ वर केली. आमच्या खेळात ती मूठ म्हणजे दंड पुरता भरला, बाहेर या. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला कुठल्या भाषेत आणि काय सांगणार होते मी? एवढी वर्षं धोंडे तुडवले, आणि तिथं पहिल्या धोंड्यावरसुद्धा न चढता सायकल खांद्यावर टाकून बाहेर आले. अजून जीव तुटतो.

घरी आले तर मायचा आनंद मावत नव्हता. संघातल्या मुलीनं काढलेला व्हिडिओ तिच्या फोनवर आला होता आणि तिनं तो सगळ्या गल्लीला दाखवला होता. "बघ, परदेशात बी माझी पोरगी पाया पडली. अन् त्या सायबानं कशी मूठ उचलून शाबासकी दिली!" असं म्हणून तिनं स्वतःची मूठ वर करून दाखवली. मी हसले. अंतिम फेरी का हुकली, असं तिनं विचारलं तेव्हा पुढं पाय टेकला म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी सर भेटायला आले. मायनं त्यांच्याही हातात फोन दिला. सर सरळ माणूस, त्यांच्या पोटात काही राहत नाही. "मावशी, शाबासकी कशाची? त्या हात लावण्यापायीच तर गेलं सगळं." माय चहा टाकायला आत गेली. त्या चहात साखर नव्हती, आणि सरांनी तो तसाच संपवला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मी सांगितलं म्हून झालं का गं?"

"न्हाई माय, उतरायचा आळस माझा."

"बरं," ती म्हणाली. ते "बरं" मला मुळीच पटलं नाही.

आता मी रेषेच्या बाहेर सायकल आडवी ठेवते, पाया पडते आणि मगच आत जाते. इतकं साधं होतं ते. मायलाही मी हे दोनतीनदा सांगून पाहिलं.

यंदा सोयाबीनच्या खुरपणीला मी तिच्यासोबत गेले. खुरपं हातात घेण्याआधी ती नेहमीसारखी वाकली. हात खाली जाता जाता मातीच्या वीतभर वरच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, तो कोरडाच हात लुगड्याला पुसला आणि ती खुरपायला तासाला बसली.

"पड की गं पाया," मी म्हणाले. "इथं कोण मूठ दाखवून राहिलंय?"

"नगं बाई," ती खाली बघत म्हणाली. "तुझं लई नुकसान झालं त्यानं."