बाटलीतलं ऊन

आमच्या घरात काळं व्हायचं औषध आलं ते चुकून, आणि आम्ही ते लावलं ते गोरं व्हायला.

माझी मामेवहिनी परदेशात असते. त्या उन्हाळ्यात ती माकणीला आमच्याकडं चार दिवस राहून गेली आणि न्हाणीच्या कोनाड्यात एक तपकिरी बाटली विसरली. बाटलीवर समुद्राच्या काठी उताणी पडलेली एक बाई होती, आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. मी लोहाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं ते वाचायचा मी सरळ कंटाळा केला. वाचायचं तरी काय त्यात? बाईनं अंगाला लावायच्या बाटलीत गोरेपणा सोडून दुसरं काय असणार? काळं व्हायला आमच्याकडं बाटली लागत नाही. मार्च लागला की नुसतं अंगणात उभं राहिलं तरी ते काम फुकटात होतं.

मला गोरं व्हायची घाई होती, कारण मला बघायला पाहुणे येणार होते. मी सावळी आहे. शेजारपाजारच्या बायका मायेनं 'निमगोरी' म्हणायच्या आणि स्थळं सांगणारे 'नाकीडोळी नीटस' म्हणायचे, म्हणजे रंगाचा विषयच काढायचा नाही. अशा लोकांच्या नावानं मी दिवसभर बोटं मोडायची आणि संध्याकाळी आरशासमोर तोंड वळवून वळवून बघायची. स्वभाव फटकळ असला तरी गालावर थोडा उजेड पडावा असं वाटतंच की माणसाला.

रविवारी दुपारी न्हाऊन मी ते पांढरं लोशन तोंडाला, मानेला, हातांना चांगलं चोपडलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "थोडं मला बी दे."

आईच्या हातांवर कोड आहे. मी लहान होते तेव्हा तिच्या उजव्या मनगटावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उठला. मग तो पसरला, दुसऱ्या हातावर गेला, आणि होता होता दोन्ही पंजे पाठीमागून पांढरे झाले. मधे मधे मूळ रंगाची बेटं तेवढी उरली. त्यानं तिला दुखत नाही की खुपत नाही. दुखायचं ते लोकांच्या वागण्यानं. पूर्वी गावात कुणाची हळद असली की पहिली हाक आईला यायची, कारण हळदीची गाणी तिच्याइतकी कुणालाच येत नाहीत. कोड दिसायला लागल्यावर मात्र ती पोळ्या लाटायला बसली की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या, तुम्ही दमला असाल." आई दमलेली नसायची. तरी ती उठायची आणि घरी यायची. पुढं पुढं तिनं जाणंच सोडलं.

मला बघायला आलेले आधीचे पाहुणे चांगले हसतखेळत बसले होते. आई पाणी घेऊन आली. त्यांच्यातल्या एका बाईनं तिच्या हातातला पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला. पुढं त्यांचा निरोप आला नाही. त्या दिवशी आईनं ठरवून टाकलं, "तुझं लगीन होईस्तवर म्या कुणाच्या नजरंला पडत न्हाय." पुढचे पाहुणे येतील तेव्हा ती शेजारी जाऊन बसणार होती आणि लग्नात आतल्या खोलीत. मी तिच्याशी कडाकडा भांडले. मला लग्नाचं तेवढं वेड नव्हतं, पण झालंच तर मला पहिली हळद आईच्या हातची लागली पाहिजे, एवढी एकच गोष्ट मी मनाशी धरून बसले होते. आणि ती नेमकी त्यालाच नाही म्हणत होती.

"तू कशाला लावतेस हे?" मी विचारलं.

"ऱ्हायलेलं काळं बी पांढरं झालं तर हात एकरंग तरी हुतील," आई म्हणाली.

यावर हसावं की रडावं ते मला कळेना. मी तिच्या हातांवर बाटली सढळ हातानं ओतली.

संध्याकाळी वडील शेतातनं आले ते नाक वर करूनच. "काय करपलंय? तव्यावर ऱ्हायलं का काय?" करपलं काहीच नव्हतं, पण भाजक्यासारखा वास माझ्याच अंगाला येत होता. मी आरशात पाहिलं आणि ओरडलेच. कपाळावर पट्टे, भुवयांच्या कडेला गडद रेघ, कोपरं तर चिंचेच्या कोळात बुडवून काढल्यासारखी, आणि तळहात नारिंगी. होते त्यापेक्षा मी चांगली दोन पायऱ्या खाली उतरले होते. वहिनीला फोन लावून तिचं काय करायचं ते मी ठरवत होते, तेवढ्यात परसातनं आईची हाक आली.

"अगं, हिकडं ये. लवकर ये."

ती उजेडात हात धरून उभी होती. पांढरं होतं ते गव्हाळ झालं होतं. सगळं नाही, बोटांच्या बेचक्यांत पांढरं तसंच राहिलं होतं आणि कडांना रंग थोडा कमीजास्त होता. पण दोन पावलं मागं सरून पाहिलं तर ते नुसते हात होते, कुठल्याही बाईचे असतात तसे. आई ते उलटेसुलटे करून बघत होती. तिचा तो चेहरा बघून मी माझ्या तोंडावरचे पट्टे विसरले.

वहिनी फोनवर हसून हसून बेजार झाली. "अहो वन्सं, ते उन्हात न बसता रापल्यासारखं दिसायचं लोशन आहे. इकडं बायका हौसेनं लावतात."

मी ते आईला सांगितलं तर ती म्हणाली, "का? त्यांच्याकडं ऊन न्हाय व्हय?"

"आहे की. पण त्यांना बाटलीतलं पाहिजे."

"देवा," आई म्हणाली आणि परत हात बघायला लागली.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी जीपनं उमरग्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाटली बरोबर नेली होती. बाईंनी ती वाचली आणि त्यांना हसू आलं, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशीच त्या जागी उरत नाहीत. माणूस उन्हात रापतो तो त्याच पेशींमुळं, म्हणून कोडाची जागा रापत नाही, नुसती भाजते. हे लोशन त्या पेशींच्या वाटेलाच जात नाही. त्यात साखरेच्या जातीचा एक पदार्थ असतो, तो कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थराला लागतो आणि काही तासांत तो थर तपकिरी होतो. "भाकरीला तव्यावर डाग पडतात ना," बाई म्हणाल्या, "तसलंच काहीसं, फक्त आचेशिवाय." म्हणजे वडिलांचं नाक अगदीच चुकलं नव्हतं.

तो मेलेला थर रोज थोडा थोडा झडतो, म्हणून रंगही आठवडाभरात उडून जातो, असं त्यांनी सांगितलं. घासलं, फार धुतलं की लवकर उडतो. कातडी जाड असते तिथं गडद बसतो, म्हणून लावून झालं की तळहात लगेच साबणानं धुवायचे. यानं कोड बरं होत नाही, नुसतं झाकतं. उपचाराचं त्यांनी वेगळं लिहून दिलं, ते आम्ही सुरूही केलं. आणि रंग आला म्हणून उन्हाला भ्यायचं नाही असं करू नका, ऊन लागायचं ते लागणारच, बाह्या लांबच घाला, असंही बजावलं. शेवटी म्हणाल्या, "आणि शिवल्यानं हे कुणाला होत नाही, एवढं लक्षात ठेवा."

"मला ठाव हाय, बाई," आई म्हणाली. "हे तुम्ही एकडाव आमच्या गावात येऊन सांगा."

तेव्हापासून आमच्या घरात आठवड्याचा एक कार्यक्रमच ठरून गेला. आई वजरीनं हात हलके घासून घ्यायची, कोरडे करायची आणि माझ्यासमोर बसायची. मी तिचा एकेक हात मांडीवर घेऊन, बोटं फाकवून, जमेल तेवढं बेचक्यांत शिरून लोशन लावायची. लहानपणी ती माझी नखं अशीच कापायची, हात घट्ट धरून आणि हलले की दटावून. आता दटावायची पाळी माझी होती. लावून झाल्यावर तिला काही तास कशाला हात लावता यायचा नाही. ती दोन्ही हात पुढं धरून नुसती बसायची. "आईसाहेबांनी हात वाळत घातलेत," असं म्हणून मी चिडवायची. हाताला काम नसलं की आईला करमत नाही, मग ती गाणी म्हणायची. किती तरी वर्षांनी हळदीची गाणी आमच्या घरात परत ऐकू आली, ती या बाटलीमुळं. तरी एक सांगते. मनगटावरचा तो पहिला ठिपका रंगाखाली गेला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. लहानपणी जत्रेच्या गर्दीत मी आईला तोंडावरनं नाही, त्या हातावरनं ओळखायची.

नवे पाहुणे उमरग्याचे होते, मुलगा आणि त्याचे आईवडील. मुलाची आई दुकानात बसणारी, ठसठशीत, बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारी बाई. आई शेजारी गेली नाही. ती स्वतः पाणी घेऊन बाहेर आली. त्या बाईंनी पेला घेतला आणि घटाघटा पाणी पिऊन रिकामा करून दिला. मी मान खाली घालून बसले होते, पण डोळे त्या पेल्यावरच होते. निघताना आईनं त्यांची ओटी भरली. त्यांनी आईचे हात जरा वेळ आपल्या हातात धरले आणि म्हणाल्या, "लई कामाचे हात हायत." थोड्याच दिवसांत होकार आला.

आई आनंदली आणि त्याच दिवसापासून धास्तावली. आता हळदीपर्यंत हे निभवायला हवं होतं. रंग लावण्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, पण लपवणं मला जड जात होतं. मी मुलाला सांगूनही टाकलं असतं, पण आईनं गळ्याची शपथ घातली. वहिनीनं नवी बाटली पाठवली. आई रोज हात उजेडात धरून बघायची आणि मी म्हणायची, "आहे गं, आहे रंग."

पण लग्नघर कुणाचं ऐकतं? पाहुणे उतरले आणि आईचे हात पाण्यातनं निघेनात. राखेनं पातेली घासली, परातभर कणिक मळली, कढत पाण्यात फडकी पिळली. हात कोरडे ठेवून घटकाभर बसायला नवरीच्या आईला सवड कुठली? हळदीच्या दिवशी सकाळी तिनं हात बघितले तेव्हा पोपडे निघालेल्या भिंतीसारखे दिसत होते. आधी दोन रंग होते, आता तीन झाले. ती तशीच उठली. आतल्या खोलीत जाऊन बसली.

थोड्या वेळानं हलगी वाजवत मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही आमच्याकडची रीत. ताट मुलाच्या आईच्या हातात होतं. मी मांडवात पाटावर बसले होते. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "व्हय, विहीणबाई कुठायत?"

"तिचं डोकं दुखायलंय," वडील म्हणाले.

नवरीनं पाटावरनं उठायचं नसतं, म्हणून मी उठले नाही. पण गप्प बसायची माझी ताकद त्या क्षणी संपली. "डोकं दुखत नाही," मी म्हणाले. "माझ्या आईच्या हातांवर कोड आहे. ते तुम्हाला दिसू नये म्हणून ती आत बसलीय. आणि तिनं लावल्याशिवाय मी कुणाची हळद लावून घेणार नाही."

हलगी थांबली. वडिलांनी डोळे मिटून घेतले. माझं लग्न आता राहतं की मोडतं, ते मलाही कळेना. मुलाच्या आईनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि त्या तरातरा आत गेल्या. खोलीचं दार त्यांनी लावलं नाही, म्हणून त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला.

"मला म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "वटी भरतानाच दिसलं. बोटांच्या बेचक्यात पांढरं आन् पेरं तेवढी काळपट. आमाला काय डोळे न्हाईत? घरी गेल्यावर म्या ह्यांना म्हनलं, त्या बाईनं आपल्यासाठी हात रंगवलेत. आपल्या भ्यानं. मलाच कसंतरी झालं हो."

आई काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही.

"बर्री," त्या म्हणाल्या. कानडीत बर्री म्हणजे या. "बाहेर बर्री. हळद वाळायली."

आई बाहेर आली. माझ्यासमोर बसली. तीन रंगांच्या हातांनी तिनं ताटातली हळद घेतली, माझ्या गालापर्यंत आणली आणि तिथंच थांबली.

"लावू?" तिनं हळूच विचारलं. स्वतःच्या लेकीला.

मला रडू फुटलं आणि रागही आला, तिचा नाही, तिला असं विचारायची सवय ज्यांनी लावली त्यांचा. "लाव की, आई," मी म्हणाले.

तिनं लावली. दोन्ही गालांना, कपाळाला, हातांना. पांढऱ्या जागी हळद जास्त पिवळी दिसत होती. लावून झाल्यावर ती सवयीनं हात पदराखाली न्यायला लागली. मुलाच्या आई तिच्या शेजारीच टेकल्या होत्या. त्यांनी ते हात मधेच धरले, आपल्या डोक्यावरचा पदर मागं सारला आणि गाल पुढं केला.

"आता मला लावा," त्या म्हणाल्या.