नदीच्या वाटेवर मीच आधी ओरडलो

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

सकाळी बायको अनघा आणि मी ऑकलंडबाहेर ट्राउट मासे पकडायला गेलो. नदीकडे जाणारी सार्वजनिक पायवाट एका फार्ममधून जाते. अर्ध्या वाटेत फार्मवाली बाई चार चाकांच्या क्वाडबाइकवरून हात हलवत आली. आमचा रंग बघून हाकलणार, हे मी धरूनच चाललो.

ती बोलायच्या आत मी ओरडलो, "ही वाट सगळ्यांची आहे! आम्हालाही हक्क आहे!"

तिने बाइक थांबवली. "आहेच की," म्हणाली. "पुढच्या कुरणात मारका वळू सोडलाय. कुंपणाबाहेरून जा, एवढंच सांगायला आले."

अनघाने लगेच माफी मागितली. मी मात्र तसाच मागे वळलो. गळ न टाकताच परतलो.

उद्या जाऊन सॉरी म्हणायचंय. पण आधी काय समजलो होतो, तेही तिला सांगू का?